कुंकवाच्या ठिपक्यावरचं स्टेशन

गुरुवारी दुपार झाली की अजूनही माझा पाय एका जागी ठरत नाही. झाडलेली ओसरी परत झाडते, वाळलेले कपडे दोरीवरून काढून पुन्हा टाकते. सून म्हणते, "आई, बसा ना जरा." मी बसते आणि लगेच उठते. याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे. नातवंडं घरात मराठी बोलतात, पण त्यांना वाचता येत नाही. दिलसुखनगरच्या क्लासात सगळं इंग्रजीतच. म्हणून लिहायला भीती वाटत नाही.

मी एकेकाळी रेडिओवर गात होते.

लग्न होऊन मी हैदराबादला आले तेव्हा आम्ही जामबागेत राहत होतो. सासरची माणसं पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीतली. हे दफ्तरात कारकून होते. सासरे नव्हते, सासूबाई होत्या. माझं माहेर परभणीच्या बाजूचं एक खेडं. घरी थोडी शेती, आई आणि वडील.

आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे बारसं असलं की पाळणा म्हणायला मला बोलवत. बोलायला मी लाजायची, पण पाळणा म्हणताना लाज वाटत नसे. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, म्हणणारीकडे कोण बघतं? आमच्या माहेरच्या पाळण्याची चाल थोडी वेगळी. बाकीच्यांचा पाळणा शेवटच्या ओळीत खाली उतरतो आणि तिथेच संपतो. आमचा खाली उतरून पुन्हा एकदा वर चढतो, जणू बाळ झोपता झोपता परत जागं झालं. आईने तिच्या आईकडून घेतलेली ती चाल.

अशाच एका बारशाला शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक बाई आल्या होत्या. सगळे त्यांना आपा म्हणत. त्या संस्थानाच्या रेडिओ स्टेशनवर बोलत. बायकांच्या कार्यक्रमाचं सगळं त्याच बघत, उर्दूचंही आणि गुरुवारच्या मराठी अर्ध्या तासाचंही. पाळणा संपल्यावर त्या सरळ सासूबाईंजवळ गेल्या.

"आपकी बहू को हमारे स्टेशन पे भेजो ना. इत्ता मीठा गला घर में रखके क्या करते?"

सासूबाई हसल्या, पण रात्रभर त्यांना झोप नव्हती. ते दिवस फार वाईट होते. इंग्रज गेले होते, बाहेर सगळीकडे झेंडे लागले होते आणि आमच्या मुलखाचं काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. कोण कुणाशी काय बोललं याच्या कुजबुजी चालायच्या. सकाळी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "नाही म्हटलं आणि ते कुठं लागलं तर? तुझी नोकरी सरकारी." मग त्यांनीच अटी घातल्या. तांगा पडद्याचा पाहिजे, गाताना समोर पुरुष नको, आणि नाव सांगायचं नाही.

आपांना त्यात काही नवं वाटलं नाही. घरंदाज बायका तशाच गात. आपांनी खोलीत आडवा पडदाच लावून ठेवला होता, त्याच्या एका बाजूला साजिंदे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. आपा आधी स्टेशनचं नाव सांगत. त्यात आमच्या मुलखाचं नाव होतं. ते त्या असं उच्चारत की दारात उभं राहून कुणी 'या, बसा' म्हणावं. मग मराठीत म्हणत, "आता एक गृहिणी पाळणा म्हणतील." ती गृहिणी मी.

पहिल्या दिवशी मी दाराशीच अडून राहिले. आपांनी खांद्यावर हात ठेवला. "डरो नक्को. सामने कोई नहीं है. एकीच डब्बा है."

खरं सांगायचं तर मी डब्यासाठी गात नव्हते. गावात फक्त सारा वसूल करणाऱ्या माली पाटलांकडे रेडिओ होता, बॅटरीवरचा. गावाकडे जाणाऱ्या एका डाळीच्या व्यापाऱ्याबरोबर मी आईला निरोप धाडला, गुरुवारी तिसऱ्या प्रहरी पाटलांच्या ओसरीवर बस. परत येताना त्याने निरोप आणला, "तुमच्या आईने ऐकलं. खोकला झालाय का विचारतात."

मला खरंच खोकला झाला होता. गाताना मी तो दाबला होता, शेजारी बसलेल्या आपांनासुद्धा कळला नव्हता.

त्यानंतर रस्ते बंद झाले. माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते जामबागेतच झालं. वडिलांना लकवा झाला आणि ते अंथरुणाला खिळले, त्यांना सोडून आईला निघता येईना. हे महिन्याला एक कार्ड टाकत, 'सर्व क्षेम'. इकडे घरात दाराला दुहेरी अडसर लावून बसलो होतो तेव्हाही कार्डावर सर्व क्षेमच होतं. आईला वाचता येत नव्हतं. पाटील वाचून दाखवत आणि आई म्हणायची, "कार्डावर सगळे खुशालच असतात." तिचा भरवसा गुरुवारवर. बाळंतपणात माझे गुरुवार चुकले, तर ती म्हणे पाटलीणबाईंना म्हणाली, "आता मोकळी झाली असेल." आणि सव्वा महिन्याने माझा आवाज आला तेव्हा तिने तिथल्या तिथे गूळ वाटला.

फौजा आल्या. भीती थोडी सरली, पण मनं काही जागेवर आली नाहीत. ह्यांच्या दफ्तरात रोज नवी बातमी. कोण राहणार, कोण जाणार, उर्दूतले कागद कोणत्या भाषेत होणार. हे जेवताना मध्येच हात थांबवून भिंतीकडे बघत. सासूबाई म्हणत, "खा आधी. सरकार कोणतंही असलं तरी कारकून लागतोच."

दुसऱ्या वर्षी स्टेशनचं नाव बदलायचं ठरलं.

मला वाटलं, बदलेना का. माझं नाही बदललं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात एक नाव लिहिलं आणि त्या घडीपासून मी ती झाले. माहेरचं नाव माहेरी राहिलं. पहिले काही महिने कुणी हाक मारली की मी ओ देत नसे. सासूबाईंना वाटायचं मुलगी बहिरी आहे.

पण स्टेशनवर गेले तर तिथे सगळेच गोंधळलेले. नव्या नावात सगळा देश होता आणि आमचं शहर अगदी शेवटी. बोलणारे जुन्या नावाची सुरुवात करत आणि मध्येच जीभ चावत. एक म्हातारे निवेदक होते. त्यांच्या तोंडून जुनं नाव पूर्ण गेलं. ते बाहेर येऊन जिन्यावर डोकं धरून बसले. आपांनी नवं नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मायक्रोफोनपुढे वजन ठेवून मांडलं होतं.

"इत्ते बरस स्टेशन का नाम अपने नाम सरीका बोली मैं," आपा मला म्हणाल्या, "अब कागज देखके बोलना पडता."

नवे साहेब बाहेरून आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पडदा काढायला सांगितला आणि एक नियम केला, गाणाऱ्याचं नाव सांगितलंच पाहिजे. आपा त्यांना म्हणाल्या, घरंदाज बायका येणार नाहीत. साहेब म्हणाले, "स्वतंत्र देशात नाव सांगायला लाज कसली?" आपांनी हे मला तांग्यापर्यंत सोडायला येताना सांगितलं. मी पूर्ण रस्ताभर तांग्याच्या पडद्याची कड बोटाला गुंडाळत बसले.

घरी विषय निघाला तसा हे म्हणाले, "दफ्तरात लोक विचारतील, ही तुमची कोण. सध्या कुणाच्या नजरेत न येणंच बरं."

सासूबाई म्हणाल्या, "सुनेचं नाव काय हवेत सोडायचं? कुठल्या कुठल्या हॉटेलात वाजेल ते."

झालं. मी जायची थांबले.

घरात कुणी मला रागावलं नाही. मीच एका ठिकाणी टिकेना. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी आई पाटलांच्या ओसरीवर बसली असेल, या विचाराने हातातलं काम हातात राही. बाळ थोपटता थोपटता मी उठून दारापर्यंत जाई आणि परत येई. आई काय समजेल? या वेळी बाळंतपण नव्हतं. कार्ड टाकावं, तर त्यात काय लिहिणार? सर्व क्षेम?

एका गुरुवारी आमटीत दोनदा मीठ पडलं. सासूबाईंनी पहिला भुरका घेतला, वाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुझी आई ऐकते ना गं?"

मी मान हलवली.

"मग आधी का नाही बोललीस? तोंडात काय मूग भरलेत?" त्या उठून हात धुऊन आल्या. बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझं माहेरचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांनी स्वतःच्या तोंडून ते नाव घेताना उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

"तेच सांग त्यांना. त्या नावाचं आमच्या घरात कुणी नाही. या मोहल्ल्यातही कुणाला माहीत नाही. साहेबाला नाव पाहिजे, नाव मिळालं. आपली इज्जत आपल्या घरात."

हे म्हणाले, "आई, हे काही बरोबर..."

"तू दफ्तर सांभाळ," सासूबाई म्हणाल्या. आणि अडकित्ता मिटता मिटता हळूच, "माझंही होतं एक. चांगलं होतं." ते कोणतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी परत गेले तो दिवस मला आठवतो. पडदा नव्हता. पेटीवाले समोरच बसले होते, वयस्कर माणूस, माझा संकोच बघून त्यांनी पेटीसकट भिंतीकडे तोंड केलं. लाल दिवा लागला. आपांनी कागदाकडे बघून स्टेशनचं नवं नाव सांगितलं, एकेक शब्द सांभाळून, ओल्या फरशीवरून चालावं तसं. मग म्हणाल्या, "आता पाळणा म्हणतील," आणि ते नाव घेतलं.

मी वाट बघत बसले. कोण म्हणणार आहे, म्हणून दाराकडेही एकदा पाहिलं. पेटीवाल्यांनी सूर दिला, मी गप्प. त्यांनी परत दिला. आपांनी डोळे वटारले, माझ्या गुडघ्याला चिमटा काढला, तेव्हा मला कळलं की ती मीच.

गाऊन झाल्यावर बाहेर आलो आणि आपा तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. "मेरेकु मेरा नाम याद नहीं, तेरेकु तेरा नाम याद नहीं. साहब को बोलो, अच्छा स्टेशन चल रा."

मीही हसले. मला हलकं वाटत होतं. सासरी आल्यापासून कुणी ते नाव घेतलं नव्हतं, आणि आज ते माझ्या गावापर्यंत गेलं असणार, असं मी समजत होते. आईने ते पाटलांच्या ओसरीवर बसून सगळ्यांदेखत ऐकलं असेल. ती कुणाकडे बघून काय म्हणाली असेल, तेही मी मनात रंगवलं. येता येता तांगा थांबवून बाळासाठी बत्तासे घेतले.

आठवडे गेले. गावाकडून काही निरोप नाही. डाळीचा व्यापारी येऊन गेला, पण त्याच्याजवळही काही नव्हतं. मी दर गुरुवारी जात होते, गात होते, आणि विहिरीत पोहरा सोडावा आणि पाण्याला लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं होत होतं. माझी घालमेल बघून सासूबाई म्हणत, "कामात असेल. लकव्याचं माणूस घरात, सोपं आहे का?"

आणि एका सकाळी दारात आई उभी. काखेत गाठोडं, डोळे प्रवासाने तारवटलेले. मी दार उघडताच तिने आधी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग दंड, मग हात. मागून बाळ दुडुदुडु आलं, त्यालाही चाचपलं. मग उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली.

"बाबा कुठं आहेत?" मी विचारलं. माझा जीव उडाला होता.

"हाईत. तुझ्या काकूच्या हवाली करून आले. त्याईला काही नाही झालं. तुलाच काही झालं म्हणून निघाले मी."

"मला काय होणार?"

"मग तुझं स्टेशन कुठं गेलं गं माय?"

पाणी देऊन, चहा देऊन, तिला शांत करायला वेळ लागला. मग तिने सांगितलं. पाटलांकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. रेडिओ आल्यापासून त्याचीही व्हायची. एका दसऱ्याला पाटलीणबाईंनी त्याला हळदीकुंकू लावताना काचेवर जिथे काटा होता तिथेच बोट टेकवलं. तेव्हा आमचं स्टेशन लागलेलं होतं. तेव्हापासून बायकांना वाचायची गरज उरली नाही. काटा ठिपक्यावर आणला की आपा बोलायच्या.

"आणि एका गुरुवारी काटा ठिपक्यावर आणला," आई म्हणाली, "तर तिथं दुसरंच कुणीतरी, कागद वाचल्यासारखं अडखळत बोलणारं. नावच निराळं. पाटील म्हणाले, ते आपलं स्टेशन मोडलं. त्याच्या जागेवर दिल्ली बसली. म्हणाले, आमची पाटीलकी राहते का जाते म्हणून बघत होतो, हे आधी गेलं."

"मग?"

"मग काय, काटा फिरवीत बसलो. या टोकाला नेला, त्या टोकाला नेला. कुठं कानडी, कुठं नुसती खरखर. दर गुरुवारी हुडकायचो. पाटलीणबाई म्हणायच्या, हललं असेल इकडं तिकडं, सापडेल."

मी कपाळाला हात लावला. "आई, ते तिथंच होतं. ठिपक्यावरच. मी गात होते."

"तू गात होतीस?"

"नाव बदललं फक्त. खोली तीच, आपा त्याच."

आईला ते पटेना. ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "विहीणबाई, असं असतं का? बोलणारीनं स्वतःच सांगितलं की मी अमकी. मग ती तमकी कशी?"

सासूबाई म्हणाल्या, "लेकीचं नाव तुम्हीच बदलून दिलंत की आम्हाला."

"दिलं," आई म्हणाली. "पण मी मांडवात उभी होते. तांदळात काय लिहिलं ते जावईबापूंनी वाचून दाखवलं होतं. याचं मला कुणी सांगितलं?"

हे खाली बघू लागले. कार्डं तेच टाकत होते आणि स्टेशनचं नाव बदललं हे त्यांना लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. मी रोजच्याच दारातून आत जात होते, मला ते बदललेलं कुठं दिसत होतं?

मग मी तिला हेही सांगितलं की आता तिथे माझं माहेरचं नाव घेतात. वाटलं, ती खूश होईल. "म्हणजे ते नाव घेतलं," ती म्हणाली, "आणि तेव्हा आम्ही काटा हलवून बसलो होतो." एवढंच.

गुरुवारपर्यंत राहा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. पण वडिलांच्या काळजीने तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. हे तिला स्टेशनचं नवं नाव पाठ करायला सांगू लागले. तिने दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं.

"मला नाही राहायचं लक्षात. जागा तीच आहे ना?"

"तीच," मी म्हणाले.

"ठिपका आहे अजून. पाटील पुसा म्हणत होते, मी पुसू दिला नाही." निघताना तिने मला बाजूला घेतलं. "पण पाटील मानायचे नाहीत. दिल्लीतही कुणी बाई पाळणा म्हणत असेल, म्हणतील. चाल कुणीही उचलते. तूच आहेस हे मला कळलं पाहिजे."

त्या गुरुवारी लाल दिवा लागला. आपांनी कागदाकडे न बघता नवं नाव सांगितलं, आता त्यांच्या जिभेवर ते बसू लागलं होतं. मग माझं जुनं नाव घेतलं. या वेळी मी दाराकडे पाहिलं नाही. पाळणा सुरू करायच्या आधी मी मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि खोकले. चांगली दोनदा खोकले. पेटीवाल्यांचा हात थांबला. आपांनी माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले. मग मी म्हणाले, शेवटची ओळ खाली उतरवून परत वर चढवली.

बाहेर आल्यावर आपा म्हणाल्या, "ये क्या था?"

मी म्हणाले, "आईसाठी."

साहेबांनी विचारलं तेव्हा आपांनीच सांगितलं म्हणे, लडकी को जुकाम था.

पुढचे दिवस मी कसे काढले ते काय लिहू. दाराची कडी वाजली की हातातलं टाकून धावायची. सासूबाई म्हणाल्या, "बाळसुद्धा दमेल आता तुझ्या मागे धावून धावून."

मग डाळीचा व्यापारी आला. त्याच्याकडे निरोप नव्हता. धोतराच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी तेवढी होती. मी ती दारातच सोडली. आत अडुळशाची पानं होती, थोडी सुकलेली, आणि वर गुळाचा एक खडा.